शेवंते, तव्याला गंज चढलाय

शेवंते, तुझ्या तव्याला गंज चढलाय. बाकीचं नंतर सांगते, आधी हे. थोडाथोडका नाही, पार लाल झालाय, पडक्या भिंतीतल्या विटेसारखा. तू असतीस तर अख्खी आळी डोक्यावर घेतली असतीस. तू नाहीस म्हणून मला घ्यावी लागली.

तुझ्या फोटोला हार घातलाय. माणसं येतात, फोटोसमोर उभी राहतात आणि तू किती चांगली होतीस ते एकमेकांना सांगतात. मी ऐकून घेते. शेवंताबाई कधी कुणाला वाकडं बोलल्या नाहीत, असं परवा एकजण म्हणाला. मला हसू आलं, पदर तोंडाला लावावा लागला. लोकांना वाटलं थोरली जाऊ रडतीये. त्या बिचाऱ्यानं कधी तुझ्या तव्यावर पाण्याचा तांब्या ठेवला नसणार, म्हणून तो असं म्हणाला.

मला फोटोशी बोलता येत नाही. फोटोत तू तोंड मिटून बसलीयेस, आणि तशी बसलेली मी तुला जन्मात पाहिली नाही. म्हणून कागद घेतला. चौथीपर्यंतची अक्षरं आहेत, त्यात भागवते. पण एका जागी बसवत नाही, हे लिहिणं कितीतरी दिवस चाललंय. दोन ओळी झाल्या की उठते, चुलीपाशी जाते, तवा हातात घेऊन बघते, परत येते. मागच्या ओळीत काय लिहिलं ते वाचते, आणि पुन्हा उठते. पायाला चैन म्हणून नाही.

गंज कसा चढला ते ऐक. तू गेलीस तेव्हा पावसानं असं धरलं होतं की समोरचा तोरणा दिसेनासा झाला होता. फाट्यावरची आपली धिरड्यांची टपरी बंद केली आणि तवा तुझ्या घरी आणला. सुतकात चुलीवर तवा चढत नाही. धिरडं नाही, भाकर नाही. शेजारचे आणतील ते खायचं. आपल्यात तवा पालथा घालून चुलीमागं सारतात, तसा सारला. नागपंचमीला एक दिवस तवा चढायचा नाही, तर तू आदल्या संध्याकाळीच त्याला तेल चोळून फडक्यात गुंडाळून ठेवायचीस. मी म्हणायचे, "एका दिसानं काय व्हतंय गं त्याला?" तू म्हणायचीस, "आक्का, ह्या हवेत मानसाला बुरशी येती. त्यो तर लोखंडाचा हाय." या वेळी एक दिवस नव्हता, अख्खं सुतक होतं, आणि तेल चोळणारी बाईच गेली होती. तवा चढवायचा नाही एवढं सगळ्यांना ठाऊक. त्याला तेल तरी लावा, असं कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही.

पण खरा घात पुढं झाला. सुतक फिटलं त्या दिवशी बायका जमल्या, घर सारवलं, धुणी धुतली, घरातलं एकूण एक भांडं अंगणात काढलं. तुझ्या सुरेखानं, सुनेनं, तवा घेतला. चांगल्या मनानं घेतला. सासूची वस्तू म्हणून पावडर लावून तारेच्या घासणीनं दंड भरून येईस्तोवर घासला, आणि ओलाच पडवीच्या भिंतीला टेकवून ठेवला. पडवीत पावसाची झड येते ते तुला ठाऊक आहे. मी गेले तेव्हा तवा लाल झाला होता आणि भिंतीवर त्याचा लाल ओघळ उतरला होता.

"थोरल्या आत्या, म्या तर चकाचक केला व्हता," सुरेखा म्हणाली.

"तेच चुकलं."

"आवं, काळा ढुस्स झाला व्हता त्यो. किती वर्सांची काजळी ती!"

"काजळी न्हवं ती. कमाई व्हती तुझ्या सासूची."

पोरगी रडकुंडीला आली. मग मीच म्हणाले, "आता तव्याचं निराळं सुतक धरतीस का? ऊठ." ती उठली, नाक पुसलं, आणि तिनं तिच्या डोक्यानं तोड काढली. येत्या आयतवारी टपरी उघडायची आहे, पावसाची पुण्याची माणसं गडावर यायला लागली आहेत. भोरला जाऊन नॉनस्टिकचा तवा आणते, हलका असतो, चिकटत नाही. हा भंगाराच्या टेम्पोत टाकू.

मी म्हणाले, "आयतवारपतोर थांब. न्हाई जमलं तर टाक."

तिचं काही चुकीचं नव्हतं, शेवंते. धिरडी नॉनस्टिकवरही होतील. पण तो एका बाईचा तवा. एका हातानं घालायचं, एका हातानं उलटायचं. आपला तवा दोघींचा होता. परातीएवढा, जड, तापल्यावर चुलीवरून उतरवायला दोघींचे चार हात लागायचे. मी घालायची, तू उलटायचीस. तो भंगारात गेला की टपरीत माझं काय काम? सुरेखा मला नको म्हणणार नाही, एका खुर्चीत बसवील, चहा देईल. मला तो चहा नको. तुझ्या घरी जाऊन बसले तर समोर तुझा फोटो. म्हणून तवा उचलला, पदरात गुंडाळला आणि माझ्या घरी आणला. वाटेत दोनदा टेकले. पूर्वी टेकत नव्हते.

तो आणला तो दिवस आठवतो का? भोरच्या बाजारातून. तेव्हा बांधावरून आपल्या दोघींच्या नवऱ्यांचं बोलणं बंद होतं. सख्खे भाऊ, एका विहिरीवर वेगवेगळ्या वेळेला पाणी भरायचे. आणि आपण दोघी एका टपरीचं ठरवत होतो. तू दुकानदाराला म्हणालीस, "पत्र्याचा नको, बिडाचा दावा." त्यानं हा ओतीव लोखंडाचा काढला. तू बोटाच्या हाडानं वाजवून बघितलास, जसं काही कलिंगड घेतीयेस. मी म्हणाले, "एवढा थोरला कशाला? वरातीला जेवण घालायचंय का?" तू ऐकलं नाहीस. एसटीत तो मांडीवर घेऊन बसलीस तर कंडक्टर म्हणाला, "मावशी, ह्याचं हाप तिकीट लागंल." तू म्हणालीस, "मांडीवरच्या लेकराला तिकीट असतंय व्हय?" सगळी गाडी हसली. विंझर येईस्तोवर तू त्याला मांडीवर हलवत होतीस, गंमत म्हणून. मला लाज वाटत होती. आता वाटत नाही.

घरी गेल्यावर दोघा भावांनी दोन ओट्यांवरून एकच शिवी दिली. तेवढं एकमत त्यांचं त्या वर्षात पहिलंच.

नव्या तव्यावर पहिले कित्येक दिवस धिरडं निघालं नाही. तू त्याला तापवायचीस, करडईचं तेल लावायचीस आणि लगेच कोरड्या फडक्यानं पुसून काढायचीस. पुन्हा तापवायचीस, पुन्हा तेल, पुन्हा पुसणं. मला पटायचं नाही. मी म्हणायचे, "आगं, लावतीस का पुसतीस?" तू म्हणायचीस, "दोन्ही." एवढंच उत्तर. मी एकदा तुझ्या माघारी हात सैल सोडून तेल ओतलं आणि तसंच राहू दिलं. दुसऱ्या दिवशी तवा गुळाच्या ढेपेसारखा चिकट. तू काही बोलली नाहीस. नुसती माझ्याकडं बघत तो खरवडत बसलीस. त्यापेक्षा बोलली असतीस तर बरं.

पण चिंचेवरून मी तुझं कधी मानलं नाही. गेल्या पावसाळ्यात टपरीचा पत्रा गळला आणि तव्याची कड गंजली, तेव्हा तू चिंचेचा कोळ लावलास. मी म्हणाले विटकरीनं घास, कोरडी घास, गंज निघेल आणि आतलं काळं राहील. आंबट लावलं की गंज जातो तसं काळंही जातं, तवा नागडा होतो. तू म्हणालीस, "आक्का, तुमची वीट नुसती वरवर फिरती. गंज बारीक भोकात बसलाय, त्याला आंबटच पायजे." आणि तवा झाला नागडा. मग धिरडी चिकटायला लागली. तुकडे तुकडे निघायचे. मी मनात म्हटलं, आता बघू काय करतीस. तू तुकडे ताटलीत गोळा केलेस, वर कोथिंबीर टाकलीस आणि पुण्याच्या पोरांना सांगितलंस, "हे मोडीव धिरडं. आमच्या भागातच मिळतंय." त्यांनी फोटो काढले, पुन्हा मागून घेतलं. पुढं तवा पुन्हा काळं धरायला लागला, धिरडी अख्खी निघायला लागली, तर एकजण मोडीव नाही का म्हणून रुसला. तू माझ्याकडं बघून डोळा घातलास. या वयात.

तो वाद तसाच राहिला. तू म्हणायचीस गंज गेला ना? मी म्हणायचे काळंही गेलं ना? दोघींचंही खरं होतं, आणि दोघींनाही ते कबूल करायचं नव्हतं.

आता तवा माझ्या चुलीपाशी होता आणि तू आड यायला नव्हतीस. मी माझ्या पद्धतीनं केलं. जुन्या विटेचा तुकडा घेतला, कोरडाच घासला. लाल भुकटी पडत राहिली, हाताच्या रेषांत बसली. तवा करडा दिसायला लागला तशी धुतला, फडक्यानं तीनतीनदा पुसला आणि समाधानानं ठेवला. सकाळी बघते तर पुन्हा लाल. जसा काही मी हातच लावला नव्हता. पुन्हा घासला, पुन्हा पुसला, पुन्हा लाल. वाटलं, हा तुझ्या बाजूनं झालाय.

तेव्हा ध्यानात आलं की फडक्यानं पुसला म्हणजे कोरडा झाला असं नसतं. बिडाच्या अंगात बारीक भोकं असतात, पाणी त्यात बसतं. तू धुतल्याबरोबर तवा जाळावर ठेवायचीस. मला वाटायचं, सरपण जाळायची तुला हौस. इतकी वर्षं शेजारी बसून मी तुझे हात बघितलेच नाहीत. माझं लक्ष पिठाकडं.

बरं, येणारा जाणारा शहाणपण सांगत होता. एकीनं लिंबू सांगितलं, एकीनं राख. तुझ्या लेकानं मोबाईलवर काहीतरी लावून दाखवलं. त्यात एक गोरा माणूस तव्याला बटाटा घासत होता. मी म्हणाले, "बटाटा आपल्याला खायाला ऱ्हाऊ दे." मला कुणाचंच ऐकवत नव्हतं. सारखं तुझं ते अर्धं वाक्य डोक्यात घोळत होतं.

शेवटच्या दुपारी मी तुझ्याजवळ बसले होते. भोरच्या दवाखान्यातून तुला घरी आणलं होतं, आता घरीच राहू द्या, असं डॉक्टर म्हणाले होते. तू डोळे उघडलेस, मला ओळखलंस, आणि म्हणालीस, "आक्का, त्या तव्याला..." आणि तुला दम लागला. मी म्हणाले, "व्हय, लावते तेल. गप पड." तू मान हलवलीस. ती हो होती की नाही, मला कळलं नाही. त्यानंतर तू बोललीच नाहीस.

माझ्या बोलण्याचं मला वाईट वाटत नाही. तुझ्याशी मी तशीच बोलत आले, गोड बोलले असते तर तू घाबरली असतीस की आपण आता मरतोय. पण वाक्य काय होतं? तव्याला तेल लावा? तव्याला चिंच लावा? तव्याला सुरेखाचा हात लागू द्या, का लागू देऊ नका? सारवताना एक शेवट सुचतो, पाणी भरताना दुसरा. एका हातात बादली धरून मी मधेच उभी राहते. शेजारीण विचारते, "काय झालं हौसाबाय?" काय सांगू तिला?

आयतवार जवळ आला आणि तव्याची भोकं भरलेली ती भरलेलीच. वीट वरवर फिरत होती. तू म्हणाली होतीस तशीच.

मग मी चिंच काढली. भिजवली, कोळ केला, जाडं मीठ घातलं आणि नारळाच्या शेंडीनं चोळायला लागले. तू पाहायला नाहीस म्हणून केलं, हे लिहून ठेवते. तू समोर असतीस तर केलं नसतं. कोळ काळा झाला, मग लाल झाला, भोकाभोकातून गंज सुटला. जास्त वेळ ठेवला नाही. कढत पाण्यानं धुतला आणि पाणी निथळायच्या आत जाळावर. तवा तापला, त्याच्या अंगातून बारीक वाफ निघाली, मग थांबली. मग करडईचं तेल, फडक्यावर घेऊन, सगळीकडं, पाठीला आणि कडेलाही. आणि पुसून काढलं. धूर निघेस्तोवर तापवला. पुन्हा तेल, पुन्हा पुसणं. डोळ्यांतून पाणी येत होतं. ते धुराचं होतं. आधी पिवळट झाला, मग तपकिरी, मग कुठं काळ्याच्या जवळ आला. चुलीवरच्या खिळ्याला टांगला, तू टांगायचीस तसा, धुराला लागेल असा. सकाळी उठून आधी तोंड धुतलं नाही, तवा बघितला. लाल नव्हता.

तुझं बरोबर होतं असं मी म्हणणार नाही. आधी विटकरीनं घासला होता म्हणूनच चिंचेनं काम केलं.

आयतवारी टपरी उघडली. सुरेखानं चूल पेटवली, मी पीठ कालवलं. तांदळाचं, थोडं डाळीचं, मिरची, कोथिंबीर, तेच. तवा आम्ही दोघींनी धरून चुलीवर ठेवला. तिच्या बाजूला तो जरा कलला, पण सांभाळला. धुकं होतं, गडावर निघालेली पोरं बाकड्यावर भिजून बसली होती. अर्ध्या कांद्यानं तेल फिरवलं आणि वाटीनं पहिलं धिरडं घातलं. गोल पडलं. कडा सुटायला लागल्या. सुरेखा माझ्या हाताकडं बघत होती. मी पुढच्या धिरड्याची वाटी भरून घेतली आणि बसले.

बसलेच.

"थोरल्या आत्या, करपतंय!"

उलथनं तुझ्या बाजूला होतं, त्या विटेवर, तू ठेवतेस तिथंच. मी ते घेतलंच नव्हतं. इतक्या वर्षांत मी कधी घेतलं नाही. मी घालायचं आणि पुढचं भरायचं, तेवढ्यात तू उलटलेलं असायचं. माझ्या हाताला एवढंच ठाऊक. तुझ्यासारखं उलटायला मला कधी जमलं नसतं, हे मी तुला कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू माझ्या डोक्यावर बसली असतीस. बसली असतीस तर बसली असतीस.

सुरेखा उलथनं घ्यायला धावली. मी म्हणाले, "थांब." मीच घेतलं. कडेनं घातलं, सरकवलं. शेवंते, धिरडं अख्खं निघालं. खालून कोळसा झालेलं, पण अख्खं. तव्याला एक कण राहिला नाही.

"करपलं की वो," सुरेखा म्हणाली.

"करपू दे. निघालं का न्हाई?"

"निघालं."

"मंग?"

बाकड्यावरची एक पोरगी म्हणाली, "आजी, ते आम्हाला चालेल. कुरकुरीत असेल ना?" तू दिलं असतंस, वर कोथिंबीर टाकून काहीतरी नावही दिलं असतंस. मी म्हणाले, "ते न्हाई द्यायचं. बस, दुसरं करते." आणि टपरीच्या मागं जाऊन ते मी खाल्लं. कडू होतं. सगळं खाल्लं.

परत आले तर सुरेखा तुझ्या विटेपाशी बसली होती, उलथनं हातात धरून. मी दुसरं घातलं. तिनं उलटताना अर्धं दुमडलं. तिसरंही दुमडलं. मी म्हणाले, "गोधडीची घडी घालतीस का?" ती म्हणाली, "आत्यांनी तुमाला बरं सोसलं." पोरीला तोंड आहे. जमेल किंवा नाही जमेल, आत्ताच सांगता येत नाही. भोरला अजून गेलेली नाही.

दिवेलागणीला गिऱ्हाईक सरलं. तवा कढत पाण्यानं धुतला, जाळावर कोरडा केला, तेल घेतलं, फिरवलं आणि पुसायला लागले. सुरेखा शेजारी पीठ झाकत होती. बघत राहिली आणि म्हणाली, "थोरल्या आत्या, तुमी लावताय का पुसताय?"

मी म्हणाले, "दोन्ही."

तुला काय म्हणायचं होतं ते मला अजून कळलेलं नाही. तू आता सांगणार नाहीस. मला जे कळलं तेवढं मी केलं. तेल लावलंय, शेवंते. गप पड.